उशाशी चालेल असा कॉम्प्रेसर

प्रत्येक घराण्याच्या इतिहासात एक क्षण असा येतो, की त्या क्षणी घेतलेल्या निर्णयावर पुढच्या पिढ्यांची दिशा ठरते. आमच्या घराण्यात तो क्षण एअर कॉम्प्रेसर कुठला घ्यावा या प्रश्नाच्या रूपाने आला. पुढच्या पिढ्या म्हणजे मी एकटा. माझं वय तेव्हा त्रेपन्न होतं, आणि दिशा बदल म्हणून कुणी सांगितलं असतं तर मी आधी कमरेचा पट्टा शोधला असता.

बाबा सुतार. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, आईसुद्धा. दीड वर्षापूर्वी एका सकाळी त्यांचा डावा हात आणि डावा पाय संपावर गेले. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं, गोळ्या दिल्या. पाय महिन्याभरात कामावर रुजू झाला, हात झाला नाही. सुताराला एक हात पुरत नाही. खिळा ठोकायला दोन हात आणि एक तोंड लागतं. एका हातात हातोडी, दुसऱ्याच्या चिमटीत खिळा आणि पुढचे सहा खिळे ओठांत. पन्नास वर्षं बाबा आमच्याशी ओठांत खिळे धरूनच बोलले. त्यामुळे आमच्या घरात कानांवर फारसं कुणी विसंबून नव्हतं. ‘चहा टाक’, ‘उद्या लवकर जायचंय’ आणि ‘पोरगा वाया गेला’ ही तिन्ही वाक्यं मला एकसारखी ऐकू यायची. आई त्यांच्या भुवया आणि हनुवटी बघून अचूक उत्तर द्यायची.

पोरगा वाया गेला होता हे खरंच. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. ‘यंत्र सुरू करण्यापूर्वी ही पुस्तिका काळजीपूर्वक वाचा’ हे वाक्य मी आयुष्यात साधारण नऊशे वेळा लिहिलं असेल. त्यातलं एकही यंत्र मला चालवता येत नाही. बाबांना हे कळलं त्या दिवसापासून आमच्यात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचो आणि शनिवारी येऊन दोन तास खुर्चीत बसून जायचो.

आता फटीबद्दल. आईबाबांच्या खोलीतल्या खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामध्ये चारही बाजूंनी बोटभर फट होती. अशी फट सगळ्याच खिडक्यांना असते. तिच्यावर लाकडी पट्टी मारतात, म्हणून दिसत नाही. बाबांनी शेकडो घरांत अशा पट्ट्या मारल्या. स्वतःच्या घरात मारली नाही, कारण त्यांना सुट्टी रविवारची, रविवारी सकाळी ते उशिरा उठायचे, आणि दुपारी दोन ते चार आई झोपायची. त्या दोन तासांत घरात हातोडी उचलणाऱ्याला आईने माफ केल्याचं मला आठवत नाही. चारनंतर बाबा म्हणायचे, उजेड गेला. फटीत वर्तमानपत्रं आणि जुन्या चादरीच्या चिंध्या कोंबल्या होत्या. ही तात्पुरती सोय एकतीस वर्षं चालली.

मग आई आजारी पडली. सहा महिने औषधं चढवली, केस गेले, भूक गेली, आणि शेवटी दवाखान्याच्या जिन्याजवळ डॉक्टरीणबाईंनी मला आणि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, “आता घरी ठेवा. दोन महिने म्हणा, फार तर तीन.” घरी आणल्यावर आईचा पलंग खिडकीसमोर सरकवला, तिला बाहेरचं दिसावं म्हणून. तिला बाहेरच्या आधी फट दिसली.

“मिस्त्री,” आई म्हणाली, “सगळ्या गावाच्या फटी बुजवल्यात. ही बघत बघत मी जाणार नाही, सांगून ठेवते.”

बाबांनी त्याच आठवड्यात ओळखीच्या वखारीत जाऊन पट्ट्या आणल्या. मी धरल्या, त्यांनी एका हाताने करवतीच्या यंत्रावर कापल्या, टोकं बरोब्बर पंचेचाळीस अंशांत. वर दोन हात पॉलिश. चार पट्ट्या दारामागे उभ्या करून ठेवल्या. फक्त मारायच्या बाकी होत्या.

पहिला खिळा मी मारला. तो वाकला. दुसरा मारताना पट्टीला हातोडीचा खड्डा पडला. तिसरा माझ्या अंगठ्याच्या वाटेने गेला. बाबांनी माझ्या हातातून हातोडी काढून घेतली, खड्ड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “तू पुस्तिका लिही.”

“दुसरा सुतार बोलावू का?”

“माझ्या घरात? मी जिवंत असताना?”

“मग डिंकाने चिकटवू या.”

यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना बायको बदलायला सांगितलं होतं.

तेव्हा वखारवाला म्हणाला, “मिस्त्री, नेल गन घ्या की. कॉम्प्रेसरच्या हवेवर चालते. एका हातात धरायची, टेकवायची, दाबायची. खिळा आत.” बाबांनी आयुष्यभर त्या बंदुकीची चेष्टा केली होती. खिळ्यांची पिचकारी म्हणायचे तिला. त्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, “वजन किती?”

इथे माझं शिक्षण कामाला आलं. मी तक्ता केला. बॅटरीवरची नेल गन घेतली तर कॉम्प्रेसरची भानगडच नाही, पण ती तीन किलोच्या पुढे जाते; एका हाताने खिडकीच्या वरच्या पट्टीपर्यंत उचलून धरणं बाबांना जमणार नव्हतं. हवेवरची सव्वा किलोची. खिळे अठरा गेजचे, बारीक, जवळजवळ बिनडोक्याचे. पातळ पट्टी फुटत नाही आणि भोक नखाएवढं राहतं, ते पुट्टीने बुजवता येतं. एवढ्याशा कामाला सहा लिटरची टाकीही भरपूर. पट्टी धरायला मी. तक्त्यात एकच रकाना रिकामा राहिला, आवाजाचा. तो बाबांनी भरला.

“यंत्र तिच्या उशाशी चालणार,” ते म्हणाले. “तिला आवाज चालत नाही. तिला ऐकवून घ्यायचं.”

“तिला दुकानात कसं नेणार?”

“फोन असतो ना तुझ्याकडे? दिवसभर त्यात तोंड घालून असतोस.”

तर अशी आमची पद्धत ठरली. दर शनिवारी एक दुकान. दुकानदाराने कॉम्प्रेसर सुरू करायचा, मी आईला फोन लावायचा, फोन यंत्राजवळ धरायचा, आणि आईने निकाल द्यायचा. फोन आईच्या छातीवर असायचा. तो वाजलेला तिला आवडत नाही म्हणून थरथरीवर ठेवला होता. आईजवळ तेवढा वेळ मावशी बसायची, म्हणजे स्वयंपाकघरात पेज ढवळत असायची.

पहिल्या दुकानात एकच नमुना होता. लाल रंगाचा, मुंडकं कापलेल्या डुकरासारखा. दुकानदाराने बटण दाबलं आणि समोरच्या फळीवरचे स्क्रू नाचायला लागले.

“आई,” मी ओरडलो, “ऐकतेयस का?”

थोडा वेळ काही नाही. मग आईचा आवाज, “बंद करा. मोठा आहे.” आणि फोन बंद. मला ‘बरं’ म्हणायलाही मिळालं नाही. फोनवर फालतू बोलायचं नाही ही तिची जुनी शिस्त होती.

“काका, कॉम्प्रेसर आहे, तो आवाज करणारच,” दुकानदार म्हणाला. “काकूंच्या कानात कापसाचे बोळे घाला. आज घ्या, संध्याकाळपर्यंत घरपोच करतो.”

“तुझ्या बायकोच्या कानात घाल,” बाबा म्हणाले आणि बाहेर पडले.

घरी पोचेपर्यंत वीस मिनिटं चालायचं होतं. पहिली दहा आम्ही नेहमीप्रमाणे गप्प होतो. अकराव्या मिनिटाला बाबांनी विचारलं, “टाकी मोठी असली की मोटर कमी वेळा चालते का रे?” मी सांगितलं. त्यांनी पुढचं विचारलं. घर येईपर्यंत आम्ही दाब, लिटर आणि तेलाशिवाय चालणारी मोटर एवढं बोललो. आई खिडकीतून बघत होती. आत शिरलो तशी म्हणाली, “काय एवढं बोलत होतात दोघं?”

“लिटर,” बाबा म्हणाले.

“बरं,” आई म्हणाली. “पुढचं दुकान कधी?”

दुसऱ्या दुकानातला निळा. “मोठा आहे.” तिसऱ्या दुकानातला प्रसंग मी पुढे कित्येकांना सांगितला. त्या दुकानदाराने यंत्र पुसून टेबलावर ठेवलं, पट्टीच्या तुकड्यावर दाखवायला गन जोडली, मी फोन लावला, आईने उचलला, त्याने बटण दाबलं, आणि वीज गेली. पंखा थांबला, दिवा गेला, दुकानात अशी शांतता पसरली की मागच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येऊ लागलं. मी फोन तसाच यंत्राजवळ धरून उभा. आता तिला काय सांगावं या विचारात.

“मोठा आहे,” आई म्हणाली आणि फोन बंद.

दुकानदार आधी हसला. मग मी. बाबा हसले नाहीत. रस्त्यावर आल्यावर मात्र एका खांबाला उजवा हात टेकून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरलो, दुसरा झटका आला की काय म्हणून. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “बंद यंत्र,” ते म्हणाले, “बंद यंत्र नापास केलं बाईने.” मी म्हटलं, बाहेरून ट्रक गेला असेल, त्याचा आवाज लागला असेल. “हिला सरकारी कचेरीत ठेवायला पाहिजे होती,” ते म्हणाले, “सगळे अर्ज परत.” बाबांनी माझ्यादेखत विनोद केलेला मला तो पहिलाच आठवतो. आई खिडकीत होती. आम्ही हसत येताना तिने पाहिलं. काय झालं ते आम्ही तिला सांगितलं नाही. नापास करणाऱ्याला कारण सांगत नाहीत.

चौथा, पाचवा. शहरातली जवळची दुकानं संपली, मग आम्ही बसने लांबच्या दुकानांत जायला लागलो. बाबा आता डेसिबल हा शब्द बिनचूक उच्चारायचे आणि दुकानदारांना धारेवर धरायचे. “अडुसष्ट म्हणजे रिकाम्या टाकीला की भरलेल्या?” मला त्यांनी बसमध्ये एकदा विचारलं, “ही पुस्तिका लिहितोस तू, त्यात माणसाला समजेल असं लिहितोस का?” मी म्हटलं, प्रयत्न करतो. ते म्हणाले, “एखादी आण वाचायला.” मी आणली. त्यांनी ती वाचली आणि सातव्या पानावरची चूक दाखवली. चूक होती.

आई मात्र दर शनिवारी थोडी थोडी कमी होत होती. आधी उशा दोन होत्या, मग तीन झाल्या. पेजेची वाटी गेली, चमचा आला. मी बोलायला बसलो की ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची. मला वाटायचं, लेकाला डोळे भरून बघून घेतेय. बोलायची थोडंच. “दुकान सापडलं का?” “या वेळी बसने जा, मिस्त्रींचा पाय दुखतो.” आणि पट्ट्या दारामागे उभ्याच. सहाव्या शनिवारी मी बाबांना म्हटलं, “आता जो मिळेल तो घेऊ या. दिवस जातायत.”

“दिवस जातायत ते मलाही दिसतंय,” बाबा म्हणाले. “पण एकतीस वर्षं तिच्या झोपेसाठी हातोडी उचलली नाही. आता शेवटी-शेवटी तिच्या डोक्याशी गिरणी लावू?”

मी तक्ता घडी करून खिशात घातला.

सातव्या शनिवारचं दुकान दोन बस बदलून होतं. तिथे एक राखाडी कॉम्प्रेसर होता, चोवीस लिटरचा, आमच्या गरजेच्या चौपट, पण आवाज साठच्या आत. दुकानदारीणबाई म्हणाल्या, “दंतवैद्य नेतात हा. पेशंट घाबरू नये म्हणून.” त्यांनी तो सुरू केला. जुना फ्रिज गुरगुरतो तेवढाच आवाज. बाबा वाकले, टाकीवर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

मी फोन लावला. आईने उचलायला वेळ घेतला.

“हा घ्या,” ती म्हणाली. मी फोन यंत्राजवळ नेतच होतो. “हाच घ्या. आता पुरे. दमलात दोघं.” आणि फोन बंद.

“बघ,” बाबा मला म्हणाले, “चांगली वस्तू लगेच कळते.”

तो नमुना दाखवायचा होता. नवा गोदामातून यायला पाच दिवस लागणार होते. गन आणि खिळ्यांचा डबा आम्ही हातातच घेऊन आलो. बाबांनी बसमध्ये गन मांडीवर ठेवली होती. समोरचे प्रवासी दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

आई मंगळवारी दुपारी अडीच वाजता गेली. झोपेच्या वेळात.

कॉम्प्रेसर गुरुवारी आला. घरात माणसं बसली होती, दारात चपलांचा ढीग. पार्सलवाल्याने तो ढीग बघून विचारलं, “काय, कार्यक्रम आहे का?” मग त्याने कागद पुढे केला. “सही लागेल,” तो म्हणाला. बाबा उठून आले. उजव्या हाताने सही केली. मग म्हणाले, “उलटा ठेवू नका, त्यात मोटर आहे.” त्याने खोका आत आणून पलंगाशेजारी ठेवला, कारण मोकळी जागा तेवढीच होती.

तो तिथेच दोन आठवडे राहिला. माणसं त्याच्यावर पेले ठेवायची.

तिसऱ्या शनिवारी मी आलो तेव्हा बाबांनी खोका फोडला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “पुस्तिका वाच.” मी मोठ्याने वाचली. यंत्र सुरू करण्यापूर्वी ही पुस्तिका काळजीपूर्वक वाचा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग मी फटीतून चिंध्या आणि वर्तमानपत्रं ओढून काढली, पट्टी धरली, त्यांनी गन टेकवली आणि दाबली. टक्. खिळा कुठे गेला ते दिसलंसुद्धा नाही. खालची पट्टी, मग डावी. एक खिळा जरा तिरका गेला, तर त्यांनी सवयीने ओठ मुडपले, जणू तिथे अजून सहा होते.

दोन वाजता त्यांनी कॉम्प्रेसर बंद केला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. चारला सुरू करू.”

आम्ही दोघं दोन तास त्या खोलीत बसून राहिलो. चारला उजवी आणि वरची पट्टी मारली. या वेळी उजेड गेला असं ते म्हणाले नाहीत. कोपऱ्यात पट्ट्या अशा जुळल्या होत्या की मध्ये कागद गेला नसता. बाबा पलंगावर जाऊन आडवे झाले, तिच्या बाजूने, आणि खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “डावीकडे मिलिमीटरभर वर आहे.” मला दिसत नव्हतं. “तिला दिसलं असतं,” ते म्हणाले.

कागदपत्रं लावणं हे माझं काम. पुढच्या शनिवारी मी दवाखान्याची फाइल तारखेप्रमाणे लावत बसलो. मधेच एक कागद निघाला, त्यावर आलेख. दोन रेघा, दोन्ही उजवीकडे खाली कोसळलेल्या. यंत्रांच्या कागदांची मला सवय आहे, पण हे यंत्र नव्हतं. खाली कानाच्या डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं की औषधांमुळे दोन्ही कानांची ऐकण्याची शक्ती जवळजवळ पूर्ण गेली आहे, ती परत येण्याची शक्यता नाही. तारीख पहिल्या दुकानाच्या अकरा दिवस आधीची.

मावशी स्वयंपाकघरात होती. मी कागद तिच्यासमोर धरला. तिने तो वाचला नाही.

“मीच नेलं होतं तपासायला,” ती म्हणाली. “बाहेर आल्यावर म्हणाली, घरी बोलायचं नाही. मिस्त्रींच्या तोंडाकडे बघून कळतं मला, पन्नास वर्षं तेच करतेय.”

“पण मग फोन? मी इथे फोन लावायचो, ती सांगायची मोठा आहे.”

“थरथरला की उचलायची. भिंतीवरच्या घड्याळात बघून थोडं थांबायची आणि बोलून टाकायची.”

“का पण? पहिल्याच दिवशी हो म्हणाली असती तर पट्टी मारून झाली असती. तिने पाहिली असती.”

मावशीने गॅस बारीक केला. “मीही तेच म्हटलं तिला. तर म्हणाली, अगं, पट्टी मारून झाली की तो पुन्हा खुर्चीत बसेल आणि हे भिंतीकडे बघतील. दुकानांतून येताना बघ कसे बोलत येतात. खिडकीतून दिसतं.”

बाहेरच्या खोलीतून बाबांनी हाक मारली, “अरे, हा कॉम्प्रेसर आता कुठे ठेवायचा?”

मी कागद फाइलमध्ये परत लावला, तारखेप्रमाणे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. कॉम्प्रेसर पलंगाखाली आहे.

पहिल्या दुकानातला लाल कॉम्प्रेसर ब्याण्णव डेसिबलचा होता आणि त्याच संध्याकाळी घरपोच मिळत होता.